विंडोलांडाच्या खड्ड्यात उतरण्याआधीचे साडेतीन महिने

इंग्लंडमधल्या एका उत्खननाला जाण्यासाठी लागलेल्या ना हरकत प्रमाणपत्राचे ते साडेतीन महिने आठवले की आजही डोकं तापतं, म्हणून आधी तेच सांगते.

लहानपणी कोल्हापूरला मामाकडे गेले की टाउन हॉल संग्रहालयातली पोसायडन या समुद्रदेवाची एवढीशी ब्राँझची मूर्ती बघायचे. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली, रोमन जगातून इथवर आलेली. तेव्हापासून रोमन लोकांचं वेड. इंग्लंडच्या उत्तरेला, रोमन सम्राट हेड्रियनने बांधलेल्या भिंतीच्या थोडं दक्षिणेला विंडोलांडा हा रोमन किल्ला आहे. तिथे उत्खननाला स्वयंसेवक घेतात. अनुभव लागत नाही, फी आपण भरायची. जागा भराभर संपतात, म्हणून आदल्या वर्षीच मे महिन्यातला एक आठवडा धरून ठेवला.

मी अनुदानित शाळेत इतिहास शिकवते. परदेशी जायला परवानगी लागते. मुख्याध्यापकांनी दुसऱ्याच दिवशी सही केली आणि डिसेंबरमध्ये प्रस्ताव कार्यालयात गेला. जानेवारीत पहिली त्रुटी निघाली: स्वयंसेवक म्हणजे मानधन किती मिळणार? मिळणार नाही, उलट मीच पैसे भरतेय, असं लेखी दिलं. मग दुसरी: पैसे भरता म्हणजे हा अभ्यासक्रम झाला, अभ्यासरजेचा नमुना जोडा. अहो, मला रजाच नको होती! उन्हाळी सुट्टीत जायचं होतं, शाळेचा एक दिवस बुडत नव्हता. हे तीनदा लिहून दिलं. फेब्रुवारीत दोन तास एसटीने गेले तर टेबल बदललेलं, आणि नव्या टेबलाला फाइलच सापडेना. माझ्याकडे आवक क्रमांक होता म्हणून ती भलत्याच गठ्ठ्यातून निघाली. शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय एकही कागद देऊ नका.

शेवटी तिथल्याच एका बाईंनी अर्ज नीट वाचला. म्हणाल्या, "मॅडम, पहिल्याच ओळीत लिहा, उन्हाळी सुट्टीत स्वखर्चाने परदेश प्रवास. उत्खननाचं खाली येऊ दे." आठ दिवसांत आदेश हातात. हे डिसेंबरमध्ये कोणी सांगितलं असतं तर!

व्हिसा सरळ मिळाला. मी मुळात महिनाभर न्यूकॅसलला बहिणीकडे जात होते. भेटीच्या व्हिसावर तिथल्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा चालते, पण प्रवासाचा मुख्य हेतू तो नसावा. अर्जात हे लपवू नका, खरं तेच लिहा. आणि हो, धनुर्वाताचं इंजेक्शन इथूनच घेऊन जा.

विंडोलांडाला १९७३ साली पातळ लाकडी पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडली. नंतर शेकड्यांनी निघाली. त्यांत सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे सैनिकांचे रजेचे अर्जही आहेत, फ्लावियस केरियालिस या अधिकाऱ्याला लिहिलेले. 'मला रजा देण्यास पात्र समजावे' अशी त्यांची ठरलेली भाषा. ते वाचताना माझा तिसरा अर्ज आठवला आणि घसा दाटून आला.

पाच दिवस गुडघ्यावर बसून थापीने माती खरवडायची, घमेल्यात भरायची, ढिगाऱ्यावर नेऊन टाकायची. गुडघ्याखाली घ्यायला जाड गादी हवीच. रेनकोटबरोबर पावसाळी पँटही घ्या, मे महिन्यातही मी कुडकुडले.

चौथ्या दिवशी काळ्या थरात पोचलो. त्या चिखलाला गोठ्यासारखा वास येतो. तिथे हवाच पोचत नाही, म्हणून काही कुजत नाही. थापीला काहीतरी मऊ लागलं. मार्गदर्शक म्हणाले, आता फक्त बोटं वापरा. हळूहळू चामड्याचा एक तळवा मोकळा झाला, माझ्या तळहाताएवढा, खालचे लोखंडी खिळे अजून जागेवर. लहान मुलाचा जोडा. वाळू नये म्हणून तो लगेच ओलाच पिशवीत गेला, आणि पिशवीवरचा खड्ड्याचा नंबर मी माझ्या हाताने लिहिला.