नकाशावरचं जुनं नाव

2010 सालची गोष्ट. गुजरातेत अलंगला भंगारात आलेल्या जहाजांवर चढायचं आणि कुठला पंप, कुठला जनरेटर पुन्हा विकला जाईल याची यादी करायची, हे माझं काम. शेकडो जहाजं पाहिली होती. पण त्या सकाळी ओहोटीच्या चिखलातून जवळ गेलो, मान वर केली, तर जहाजाचं दुसरं टोक दिसेचना. तेलवाहू जहाज, लांबी 458 मीटर! नाव 'माँट', शेवटच्या प्रवासापुरतं दिलेलं.

इंजिनरूममध्ये शिड्यांमागून शिड्या उतरत गेलो. वीज बंद, हातातल्या बॅटरीचा उजेड, जुन्या तेलाचा वास. 50,000 अश्वशक्तीचं स्टीम टर्बाईन गार पडलं होतं. हातमोजा काढून त्यावर हात ठेवला. मी स्वतः बारा वर्षं जहाजांवर इंजिनियर होतो. बंद पडलेलं इंजिन मला अजूनही बघवत नाही.

कंट्रोलरूमच्या कपाटात नकाशांच्या गुंडाळ्या होत्या. आमचा मुकादम ओडिशाचा. म्हणाला, "साब, ये रद्दी में डालूँ?" मी एक उलगडली. जपानच्या ओप्पामा गोदीचा नकाशा, जहाज क्रमांक 1016, आणि कोपऱ्यात नाव: 'सीवाइज जायंट'.

हे नाव मोठ्यानं म्हणून बघा. इंग्रजीत 'सी. वाय.'ज', म्हणजे सी. वाय. यांचं, ते 'सीवाइज'. सी. वाय. तुंग या मालकानं आपली आद्याक्षरंच जहाजावर घातली होती. शांघायमधून हाँगकाँगला आलेलं हे कुटुंब. 1947 साली कंपनी काढली आणि वाढता वाढता जगातल्या सर्वांत मोठ्या खाजगी ताफ्यांपैकी एक उभा केला. हे जहाज मुळात एका ग्रीक मालकासाठी बांधलेलं. त्यानं घेतलं नाही. तुंगांनी घेतलं, आणि मधोमध कापून नवा भाग जोडायला लावला. भरल्यावर ते पाण्यात साडेचोवीस मीटर बुडायचं, म्हणून ना सुएझ, ना पनामा, ना इंग्लिश खाडी. 1981 साली ते कामाला लागलं आणि 1982 साली तुंग वारले.

लोक या जहाजाची लांबीच सांगत बसतात. मला मात्र तुंगांच्या मुलाचं जास्त वाटतं. मंदीत मालवाहतुकीचे दर कोसळले, घराण्यावर अडीच अब्ज डॉलरहून जास्त कर्ज चढलं, आणि थोरला मुलगा छी-ह्वा यांनी देणेकऱ्यांसमोर वर्षानुवर्षं बसून धंदा बुडू दिला नाही. तेच 1997 साली हाँगकाँगचे पहिले मुख्य कार्यकारी, म्हणजे तिथल्या सरकारचे प्रमुख झाले. जहाजाच्या नशिबी वेगळंच होतं. 1988 साली इराण-इराक युद्धात इराणच्या लारक बेटापाशी बाँब पडले, ते पेटलं, बुडालं. युद्धानंतर वर काढून दुरुस्त केलं. मग मालक बदलले, नावं बदलली, शेवटची काही वर्षं कतारपाशी तेल साठवत उभं राहिलं.

या नकाशावर त्यातलं काहीच नव्हतं. होतं ते पहिलंच नाव.

"हे नको," मी मुकादमाला म्हटलं, आणि गुंडाळी काखेत मारून वर आलो. संध्याकाळी प्लॉटच्या मालकाकडे ती मागून घेतली. त्यांनी किंमत विचारली नाही.

पुढे गॅसकटरवाल्यांनी महिनोन्‌महिने खपून सगळा पत्रा कापला. 36 टनांचा एक नांगर मात्र अखंड ठेवला होता. तो हाँगकाँगच्या सागरी संग्रहालयाकडे गेला.