नमस्कार परत करणारी माणसं

वारीत पाय सुजतात, तंबूत चिखल होतो, हे सगळे सांगतात. नमस्काराची सवय व्हायला वेळ लागतो, हे कोणी सांगत नाही. आळंदी सोडली की कोणीही कोणाच्याही पाया पडतं. आपण वाकलो की समोरचाही वाकतो, कधी कपाळावर कपाळ आपटतं, मग 'माऊली' म्हणून दोघं हसत पुढे. दिवे घाटाच्या पायथ्याशी सत्तरीचे एक आजोबा माझ्या पाया पडले. मी दचकून मागे सरले, तर म्हणाले, "घाबरू नका, मी माऊलीच्या पाया पडलो. आता तुमची पाळी." यात वय नाही, शिक्षण नाही, कोण कोणत्या दिंडीचा तेही नाही. आमच्या दिंडीचे प्रमुख बुवा ज्ञानेश्वरीवर तासन्‌तास बोलतात, पण पाणी वाटणाऱ्या पोराने नमस्कार केला तर तेही तितकंच खाली वाकतात.

लोणंदपासून रस्त्याच्या कडेला एका महाराजांचे फ्लेक्स दिसत होते. महाराजांच्या डोक्यामागे तेजोवलय आणि कोपऱ्यात विठोबा, पासपोर्ट फोटोएवढा. तरडगाव सोडून फलटणच्या वाटेला लागलो तर त्यांचा मंडपच लागला. राजगिऱ्याचे लाडू होते, मोबाईल चार्जिंगची सोय होती, आत लाल सोफ्यावर स्वतः महाराज. दर्शनाची रांग, रांगेच्या तोंडाशी नाव-पत्ता-फोन लिहून घेणारी मुलं. माझ्या पुढे एक म्हातारा वारकरी होता, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. त्याने वाकून नमस्कार केला, सरळ झाला आणि तिथेच थांबला. हात किंचित पुढे, मान किंचित कलती. आता समोरचा वाकणार, या सवयीने थांबलेला. महाराज पुढच्या माणसाकडे बघत होते. स्वयंसेवकाने दंड धरून म्हाताऱ्याला पुढे सरकवलं. बाहेर आल्यावर तो लाडू खात शांतपणे म्हणाला, "गुडघे धरले असतील बिचाऱ्याचे."

मी खूप हसले. माझ्याबरोबरच्या मावशी हसल्या नाहीत. त्या परभणीकडच्या, दरवर्षी येणाऱ्या. संध्याकाळी तंबूत पायाला तेल लावता लावता त्यांनी विषय काढला. सुनेला मूल होत नाही म्हणून ती तालुक्याच्या गावी एका बाबाकडे जाते. दवाखान्याची औषधं बंद करायला सांगितली आहेत. दर गुरुवारी यायचं, दक्षिणा वाढत्या क्रमाने. "आन् घरी कुनाला सांगायचं नाही म्हने, सांगितलं की गुन जातो."

पैशाचं मला फार वाटलं नाही. 'घरी सांगायचं नाही' हे मात्र टोचलं.

दुसऱ्या दिवशी चालताना मावशींनी बुवांना सरळच विचारलं, खरा गुरू ओळखायचा कसा? मला वाटलं आता लक्षणांची यादी येणार. बुवांनी तुकोबांच्या गुरूची गोष्ट काढली. तुकोबांनी स्वतःच अभंगात सांगितलेली आहे: गंगास्नानाला जाताना वाटेत भेट झाली, गुरू बाबाजींनी मस्तकावर हात ठेवला, जेवणाला पावशेर तूप मागितलं आणि तुकोबा ते द्यायचं विसरले. हे सगळं स्वप्नात. बुवा म्हणाले, "मागणी काय, तर पावशेर तूप. तेही राहिलं, तरी मंत्र अडला नाही. आणि मंत्र कोणता? राम कृष्ण हरी. कानात सांगितलेला मंत्र आपण सगळे रस्त्याने ओरडत चाललोय. लपवायला आहे काय त्यात?" (तो दिवसही गुरुवारच होता, माघ शुद्ध दशमी. तुकोबांनी वार नोंदवून ठेवला आहे.)

मागे चालणाऱ्या एका मुलाने विचारलं, मग गुरूला प्रश्न विचारलेला चालतो का? बुवा म्हणाले, गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवायला तीन गोष्टी सांगितल्यात: प्रणिपात म्हणजे नमस्कार, परिप्रश्न म्हणजे खोदून विचारणं, आणि सेवा. "पहिली आणि तिसरी सगळे बाबा करून घेतात. मधली आली की म्हणतात, तुझी श्रद्धा कमी पडते."

माळेबद्दलही ते असंच बोलले. तुळशीची माळ घालताना नेम सांगतात: पंढरीची वारी, एकादशी, मांस-मद्य वर्ज्य. "त्यात माझी सेवा कर असं कलम नाही. मी माळ घातली म्हणून मी तुमचा मालक झालो नाही. उद्या मी नसलो तरी तुमची वारी चुकायचं कारण नाही."

आपल्या संप्रदायात सगळं चोख आहे असंही नाही. कीर्तनाची बिदागी आधी ठरवून, पाकीट हातात पडल्याशिवाय वीणेजवळ न येणारे मी पाहिले आहेत. जिथे कीर्तन करावं तिथे अन्नही घेऊ नये, कपाळी बुक्काही लावून घेऊ नये, असं तुकोबांनी बजावलं आहे. ते अभंग म्हणणारेही तेच. साधेपणावरही माझा फार भरवसा नाही. फाटकी कफनी हीसुद्धा जाहिरात असू शकते. पैसा घेतला म्हणून माणूस खोटा, हेही पटत नाही. दिंडीत आम्ही भिशी, म्हणजे वारीच्या खर्चाची वर्गणी, भरतोच. फक्त पंढरपुरात पोचल्यावर सिलेंडर, टँकर, तंबू, ट्रक असा हिशोब सगळ्यांसमोर वाचला जातो आणि कोणीतरी दरवर्षी हटकून तेलाच्या डब्यावरून वाद घालतो.

तक्रारीची खरी जागा मात्र समाजआरती. नातेपुत्यात आम्हाला जवळून बघायला मिळाली. मुक्कामाच्या तळावर दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळांचा कल्लोळ चाललेला असतो. सोहळ्याची शिस्त सांभाळणारे चोपदार दंड उंचावून पुकारा करतात आणि सगळं एकदम थांबतं. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतात आणि निवाडा होतो. त्या दिवशी डावीकडची एक दिंडी वाजवत राहिली. पाण्याच्या टँकरवरून काहीतरी होतं. एवढा समाज गप्प उभा आणि त्यांचे टाळ खणखणतायत, कोणी त्यांना गप्प करत नव्हतं. मावशी माझा हात धरून ते बघत होत्या.

रात्री तंबूत कोणीतरी म्हणालं, बाबाविरुद्ध काही करायला जाल तर लोक म्हणतील धर्मावर घाला. त्यावर बुवांच्या पुतण्याने, तो वकिली करतो, सांगितलं की २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यातून यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन मुद्दाम वगळलेलं आहे. मावशींनी एवढंच विचारलं, "मंजी ह्येला बोलल्यानं आपली वारी बाटत नाही ना?"

माळशिरसहून त्यांनी सुनेला फोन लावला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "जा तू गुरवारी, पर एकली नको. नवऱ्याला संगं ने आन् त्याच्यासमोर बाबाला इचार, गोळ्या का बंद केल्या."

सून नवऱ्याला घेऊन गेली. बाबांनी त्याला बाहेर बसायला सांगितलं. तो बसला नाही. प्रश्न विचारल्यावर बाबा म्हणाले, संशयी माणसासमोर देव बोलत नाही. सुनेच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. मुलगा त्यानंतर दोनदा एकटाच जाऊन आला, दिलेल्या पैशांची पावती मागायला. बाबा दोन्ही वेळा ध्यानात होते.