जॅकेटची उंची: माझे 23 इंच आणि बहिणीचे 23 इंच

आधीच सांगते, मला शिवणातलं बटण लावण्यापलीकडे काही येत नाही, त्यामुळे हे जे काही शिकले ते चुका करत करतच. झालं असं की संध्याकाळच्या एका फंक्शनसाठी वाइन कलरचा लांब ड्रेस होता आणि त्यावर घालायला म्हणून मी काळं मखमली जॅकेट घेतलं, रेडीमेड, खाली साटीनची बारीक पट्टी वगैरे. ट्रायल रूममध्ये एकदम झकास वाटलं, खांदे बरोब्बर बसले होते, मग अजून काय बघायचं? घरी येऊन फोटो काढले तर धाकटी बहीण म्हणाली, "ताई, तुझे पाय कुठे गेले?"

खरंच पाय दिसत नव्हते हो. म्हणजे ड्रेस पायांपर्यंत होताच, पण बघताना वर एक काळा चौकोन आणि खाली उरलेली मी, असं काहीतरी दिसत होतं. दोन दिवस मी आपलं वजनालाच दोष देत बसले. मग टेप काढला. मान खाली वाकवली की मागे जे हाड हाताला लागतं ना, तिथून जॅकेटची उंची मोजतात. तिथून माझी कंबर 15 इंचांवर येते आणि सीट जिथे सगळ्यात रुंद आहे ती जागा 23 वर. आता जॅकेट मोजलं, तेही 23! म्हणजे मी जिथे सगळ्यात रुंद, नेमकं तिथे साटीनची चकचकीत रेघ ओढलेली. मखमल उजेड पिऊन टाकते आणि साटीन परत फेकतं, त्यामुळे नजर दुसरीकडे कुठे जाणारच नाही. वजनाचा काही संबंध नव्हता (थोडा असेल, पण तो विषय वेगळा).

मग म्हटलं यालाच वर घेऊ. टेलरकडे गेले, मास्टरांनी उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, दीड इंच कापलं तर खिसे काठाला येऊन टेकतील, आणि शेवटचं बटण बघा कुठे येतंय." शिवाय मखमल उसवली की सुईची भोकं आणि दबलेली लव दिसत राहते, ती काही धड भरून येत नाही. उंची कमी करणं म्हणजे नुसता खालचा काठ दुमडणं असं मला वाटायचं, तर तसं नसतं, खिसे, बटणं, कमरेचा कट सगळं त्या उंचीच्या हिशोबाने आधीच ठरलेलं असतं. मग नवीनच शिवायचं ठरलं, पण यावेळी आधी उंची नक्की करूनच कापडाला हात लावायचा.

ऑनलाइन सगळीकडे एकच, बुटक्यांनी आखूड घाला आणि उंचांनी लांब. मी पाच फूट एक इंच, म्हणजे माझा निकाल आधीच लागलेला. पण आखूड म्हणजे किती ते कोणी सांगत नाही! शेवटी नवऱ्याचा एक जुना लांब शर्ट घेतला, ड्रेसवर चढवला, फंक्शनला घालायचे तेच हिलचे सँडल घातले (हे महत्त्वाचं आहे, अनवाणी सगळा हिशोब बदलतो) आणि बहिणीला टाचण्या देऊन बसवलं. शर्ट दुमडायचा, टाचणी मारायची, मोबाइल कमरेच्या उंचीवर ठेवून टायमरने फोटो काढायचा, पुढून, बाजूने, मागून. आरशावर भरवसा नाही कारण आरशासमोर आपण आपोआप पोट आत घेऊन उभं राहतो आणि पाठ तर दिसतच नाही.

28 वर शर्ट मांडीपर्यंत आला, ड्रेसचा घेर खाली दाबला गेला, छत्री मिटल्यासारखी. 23 वर परत तोच चौकोन. 19 वर बरं दिसत होतं पण काठ ओटीपोटावर येत होता, बसले की पुढे फुगायचा. आणि मग साडेसोळा. तिथे बहीण टाचणी तोंडात धरूनच "हं!" म्हणाली. कारण ड्रेसची कमरेची शिवण 15 वर आहे, तिच्या जेमतेम दीड इंच खाली काठ आला, ती शिवण झाकली गेली आणि तिथून खाली सलग ड्रेसच ड्रेस. पाय परत आले.

नंतर वाचलं की स्पेन्सर नावाचं आखूड जॅकेट 1790 च्या दशकातलं, लॉर्ड स्पेन्सरच्या नावावरून, मागची शेपटी नसलेला पुरुषी कोट तो. बायकांनी तो उचलला तेव्हा ड्रेसची कंबर छातीच्या खाली असायची, म्हणून जॅकेटही तिथेच संपायचं. म्हणजे जॅकेट ड्रेसच्या कमरेच्या मागोमाग चालतं, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं, मला टाचण्या टोचून घेतल्यावर कळलं. याच शर्टाखाली नॅरो पँट घालून बघितली तर उलटंच, साडेसोळा उघडंबोडकं वाटलं आणि 27 झकास, कारण ते सीट पार करून खाली जातं. तेव्हा पँटवर आणि ड्रेसवर एकच जॅकेट चालेल हा माझा हट्ट मी सोडला. हाय वेस्ट पलाझोवर मात्र आखूड चालतं.

शिवताना अजून दोन-तीन गोष्टी निघाल्या. पुढचं कापड छातीवरून जातं त्यामुळे पुढून काठ उचलला जातो, मास्टरांनी पुढे अर्धा इंच जास्त धरलं तेव्हा बाजूने बघताना काठ सरळ दिसला. हात वर केला की जॅकेट किती चढतं तेही बघायचं, मुंढा (बाही जोडतात तो काखेजवळचा गोल) खोल असला की जास्त चढतं, माझं पहिल्या ट्रायलला दोन इंच चढलं, मग मुंढा वर घ्यायला लावला. आणि बाही! ही कोणी सांगितली नव्हती. हात सोडून उभं राहिलं की माझं मनगट बरोब्बर त्या 23 च्या रेषेवर येतं, म्हणजे फुल बाहीला साटीनचा कफ लावला असता तर जॅकेट आखूड करूनही तीच आडवी रेघ परत, आता दोन्ही बाजूंना. म्हणून बाही कोपर आणि मनगटाच्या मधे थांबवली.

आखूड जॅकेटचा काठ उडतो ही तक्रार खरी आहे. शनेल या फ्रेंच ब्रँडच्या जॅकेटमध्ये आतून काठाला बारीक साखळी शिवलेली असते, वजनाने कापड सरळ पडावं म्हणून. मी मास्टरांना तसंच करा म्हटलं, त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग साखळीकडे, आणि अस्तराच्या कडेने हाताने टाके घालून लावून दिली. बसताना खुर्चीला लागली की किंचित खळखळ होते, पण काठ जागचा हलत नाही. आत दीड इंच माया (दुमडून ठेवलेलं जादा कापड) पण सोडून घेतलीय, उद्या दुसऱ्या ड्रेसवर घालावंसं वाटलं तर.

पहिलं जॅकेट बहिणीने ढापलं. ती माझ्यापेक्षा चार-पाच इंच उंच, तेच 23 तिला सीटच्या रुंद जागेच्या चांगलं दीड-दोन इंच वर येतं, खिसे पण नीट जागेवर, आणि ती साटीनची पट्टी तिच्यावर इतकी छान दिसते की मी ते देऊन टाकलं याचं मला अजून वाईट वाटतंय.