यापूर्वीचे गुन्हे : चार

जेवणाच्या सुट्टीआधी कोर्टाच्या कारकुनाने रिमांड रिपोर्ट, म्हणजे कोठडी मागणारा पोलिसांचा अर्ज, माझ्या हातात ठेवला. "मॅडम, यांना वकील नाही." ज्यांना वकील परवडत नाही त्यांना सरकारी खर्चाने वकील देणाऱ्या लोक अभिरक्षक कार्यालयात लागल्यापासून हे वाक्य रोजचंच.

चार आरोपी. भारतीय न्याय संहितेचं कलम 310, पोटकलम 4 आणि 5, म्हणजे दरोड्याची तयारी. पुढचा मजकूर न वाचताही सांगता आला असता. गुप्त बातमीदाराकडून खबर, रात्री एकच्या सुमारास फाट्याजवळ दबा धरून बसलेले इसम, पंचांसमक्ष झडती. एक कटावणी, एक कोयता, नायलॉनची दोरी, मिरचीपूड. आणि पाचवा इसम अंधाराचा फायदा घेऊन पळून गेला. कायद्याने दरोड्याला किमान पाच माणसं लागतात, म्हणून चार सापडले की पाचव्याला पळावंच लागतं. बार रूममध्ये म्हणतात, जिल्ह्यात सगळ्यात जास्त धावतो तो हाच.

शेवटच्या परिच्छेदात मात्र थांबले. आरोपी फासेपारधी समाजाचे असून त्यांना निश्चित ठावठिकाणा नाही, सबब जामिनावर सुटल्यास फरार होतील. आरोपी क्रमांक दोनवर यापूर्वी चार गुन्हे दाखल असून तो सराईत आहे. सात दिवसांची पोलीस कोठडी मिळावी. जात हेच कारण, आणि तेही सरळ लिहिलेलं.

व्हरांड्यात क्रमांक दोनला भेटले. तिशीचा असेल. हवालदार दोन हातांवर उभा, त्याला "जरा लांब व्हा" म्हटलं तर एक पाऊल सरकला.

"कुठून धरलं?"

"पालावरनं, ताई. भाकरी खात हुतो."

"कधी?"

त्याने हवालदाराकडे पाहिलं आणि गप्प झाला. उत्तर त्याच्या बायकोने दिलं. ती बाहेर गेटपाशी लेकरू मांडीवर घेऊन बसली होती. "परवा दिस मावळताना. जीप आली, चौघांस्नी घातलं." कागदावर अटकेची वेळ आज पहाटे 1:40. ती खरं बोलत असेल तर माणसं 24 तासांच्या कितीतरी पुढे कोठडीत होती, आणि फाट्याजवळ दबा धरून बसायला ठाण्यातूनच गेली होती.

मग त्या चार गुन्ह्यांकडे वळले. गुन्हा रजिस्टर नंबर, वर्ष आणि पोलीस ठाणं रिपोर्टमध्ये असतंच. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर एवढ्यावरून खटला सापडतो. हे काम कुणीही करू शकतं, पण कुणी करत नाही. मीही रोज करू शकत नाही, एका दिवसात किती फायली येतात ते पाहता. त्या दिवशी केलं. 2014 चा गुन्हा हाच, दरोड्याची तयारी : निर्दोष. पंच फितूर झाले होते. 2016, शेळ्यांची चोरी : निर्दोष. 2019 चा शेजारच्या जिल्ह्यातला, अ‍ॅपवर काहीच नाही. तिथल्या एका वकील मित्राला फोन लावला. त्याने तासाभराने सांगितलं, 'अ' समरी मंजूर झालीय, गुन्हेगार सापडलेच नाहीत. 2022 चा अजून प्रलंबित, आरोपही ठेवलेले नाहीत. म्हणजे चार गुन्हे, शिक्षा शून्य. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून घेतल्या.

दुपारी तीनला पुकारा झाला. सरकारी वकिलांनी रिपोर्ट वाचला. मी प्रिंट दिल्या. न्यायाधीशांनी चष्मा वर करून फौजदारांना विचारलं, "यात निकाल काय लागले ते लिहिलेलं नाही."

"माहिती घेऊन सादर करतो, सर."

"दाखल झालेले माहीत होते, निकाल माहीत नव्हते?"

यावर उत्तर आलं नाही.

मी सर्वोच्च न्यायालयाचा 3 ऑक्टोबर 2024 चा, तुरुंगातल्या जातिभेदाविरुद्ध पत्रकार सुकन्या शांता यांनी केलेल्या याचिकेवरचा निकाल पुढे केला. सरकारी वकील अनुभवी आहेत. ते लगेच म्हणाले, "तो तुरुंगाच्या नियमावलीचा आहे, मॅडम." बरोबर होतं, पण अर्धंच. विमुक्त जमातींच्या, म्हणजे इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या आणि नंतर त्यातून मोकळ्या केलेल्या जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, पोलिसांनी अर्नेश कुमार प्रकरणातले गरज नसताना अटक न करण्याबद्दलचे 2014 चे निर्देश पाळावेत, असा आदेश त्याच निकालात आहे. मग त्यांनी दुसरा मुद्दा काढला : महाराष्ट्राच्या यादीत फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत, विमुक्त जातींत राजपारधी. यादी तशी आहे खरी. पण 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांवर जन्मापासून शिक्का मारला तेव्हा ही वाटणी नव्हती. या जमातींना डांबून ठेवायच्या सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचं कुंपण होतं, आत हजेरी होती. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला. 1959 मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. एवढं सगळं कोर्टात बोलायला वेळ नसतो. मी म्हटलं, "सर, ठावठिकाणा नाही असं लिहिलंय, आणि उचललं तर राहत्या पालावरून."

फार काही मिळालं नाही. सातऐवजी दोन दिवसांची कोठडी, वैद्यकीय तपासणी, आणि ठाण्यातलं तीन दिवसांचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवण्याचा आदेश. एमसीआर, म्हणजे ठाण्याऐवजी तुरुंगातली न्यायालयीन कोठडी, मिळेल अशी माझी अपेक्षा होती. बाहेर आल्यावर त्याच्या बायकोला हा फरक समजावताना मलाच पटत नव्हता. "म्हंजी नेणारच ना परत ठाण्यात?" ती म्हणाली.

फुटेजचं उत्तर नंतर आलं : तांत्रिक बिघाडामुळे उपलब्ध नाही.

सत्र न्यायालयात जामिनाला पोलिसांचं म्हणणं आलं त्यात लिहिलं होतं, यापूर्वीचे गुन्हे पाच. चारचे पाच कसे झाले म्हणून मोजून पाहिलं तर पाचवा हाच, ज्यात आम्ही जामीन मागत होतो. जामीन झाला, 25 हजारांचा, एका जामीनदारासह. पण पारध्याला जामीन राहायला सातबारावाला कुठून आणायचा? गावात कुणी तयार होईना, आणि ऐपतीच्या दाखल्यासाठी तहसीलच्या खेपा घालायला कुणाला फुरसत? महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर अट शिथिल करण्याचा विचार न्यायालयाने करावा, हे सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 ला सांगितलेलं आहे. त्या आधारावर अर्ज केला आणि चौघं जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सुटले. तोपर्यंत ते जामीन मिळालेले कैदी म्हणून आतच होते.

या राज्यातल्या भटक्या जमातीतल्या सहा जणांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये कायम केली होती, आणि 5 मार्च 2019 ला त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाखांची भरपाई द्यायला लावली. साक्षीदार महिलेने पोलिसांच्या फोटोंतून ओळखलेली माणसं वेगळीच होती. माझ्या फायलीत कुणाला फाशी नाही, म्हणून ही प्रकरणं वर्तमानपत्रात येत नाहीत. पकडल्याची बातमी तेवढी आली होती, 'दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद', फोटोसकट.

पुढच्या तारखेला क्रमांक दोन आला तेव्हा त्याच्या खिशात त्या प्रिंट होत्या, लॅमिनेट केलेल्या.

"कुणाला दाखवल्या का?"

"एकदा दावल्या, ताई. सायबानं वाचलं न् म्हणला, मोबाईलवरनं कुणी बी काढतंय, कोर्टाचा शिक्का कुठाय?"

दोन्ही निकालांच्या प्रमाणित नकलांसाठी अर्ज केले आहेत. 2016 ची मिळाली. 2014 ची फाईल रेकॉर्ड रूममध्ये अजून शोधताहेत.