सरासरीचा छेद

सरासरी ऐकली की आपले लक्ष आधी अंशाकडे जाते: धावा किती, नफा किती. माझ्या मते खरी माहिती छेदात असते. क्रिकेटमध्ये फलंदाजाच्या एकूण धावांना डावांच्या संख्येने नव्हे, तर तो जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने भागतात. सुनील गावसकर यांनी १२५ कसोटींतील २१४ डावांत १०,१२२ धावा केल्या. त्यांपैकी १६ डावांत ते नाबाद राहिल्यामुळे छेद १९८ होतो आणि सरासरी ५१.१२ येते, डावांनी भागले असते तर ती ४७.३० भरली असती.

छेद लहान असला की सरासरी थोड्याशा फरकानेही हलते, हे विनोद कांबळी आणि सचिन तेंडुलकर यांच्या आकड्यांत स्पष्ट दिसते. कांबळी यांची कसोटी सरासरी ५४.२०, तर तेंडुलकर यांची ५३.७८. १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतके ठोकणाऱ्या कांबळी यांची गुणवत्ता मला कमी लेखायची नाही. पण ते कसोटीत केवळ २० वेळा बाद झाले आणि तेंडुलकर २९६ वेळा. दोघेही आणखी पाच वेळा शून्यावर बाद झाले असते, असे धरून पाहा. कांबळी यांची सरासरी ४३.३६ पर्यंत घसरते, तेंडुलकर यांची मात्र ५२.८९ राहते.

गुंतवणुकीत अडचण वेगळी आहे, कारण तेथे दरवर्षी छेदच बदलतो. २००७ च्या अखेरीस सेन्सेक्स सुमारे २०,२८७ वर होता, २००८ च्या अखेरीस तो ९,६४७ वर आला आणि २००९ संपताना १७,४६५ वर पोहोचला. म्हणजे आधी ५२ टक्के घट, मग ८१ टक्के वाढ. या दोन टक्केवारींची साधी सरासरी काढली तर वर्षाला १४ टक्क्यांहून अधिक नफा दिसतो, प्रत्यक्षात मात्र गुंतवणूकदाराच्या शंभर रुपयांचे ८६ रुपये झालेले असतात. घट २०,२८७ वर मोजली आहे आणि वाढ ९,६४७ वर, म्हणून त्यांची बेरीज करणेच चूक आहे. चक्रवाढ पद्धतीने हिशेब केला की वर्षाला सुमारे ७ टक्के तोटा, हे खरे उत्तर मिळते.

म्युच्युअल फंडांच्या माहितीपत्रकात एका वर्षाहून अधिक मुदतीचा परतावा याच चक्रवाढ रीतीने दाखवतात, हे चांगलेच आहे. तरीही मुदत कोणत्या तारखेपासून धरली आहे ते मी आधी पाहतो, कारण २००८ च्या अखेरीपासून मोजणाऱ्याला हाच सेन्सेक्स वर्षभरात ८१ टक्के वाढलेला दिसतो.