हायड्रोजन हवा, तर ऑक्सिजनचं काय घेऊन बसलात?

प्रकाशाने पाणी फोडणारे धातूंचे रेणू बनवते म्हटलं, की हा प्रश्न ठरलेला: हवाय हायड्रोजन, मग ऑक्सिजनच्या मागे का? तो तर हवेत फुकट आहे. प्रश्न रास्त आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

हायड्रोजनला इलेक्ट्रॉन लागतात. पाणी ते देतं, पण ऑक्सिजन सोडतानाच. दुसरं एखादं रसायन खर्ची घालूनही इलेक्ट्रॉन मिळतात, हायड्रोजनही निघतो. मी मात्र त्याला पाणी फोडणं म्हणत नाही.

खरी अडचण हिशेबाची आहे. ऑक्सिजनचा एक रेणू सुटायला पाण्याच्या दोन रेणूंमधून चार इलेक्ट्रॉन काढावे लागतात, आणि एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, एकालाच हलवतो. चौथा निघेपर्यंत उत्प्रेरकाने, म्हणजे हे काम घडवून आणणाऱ्या रेणूने, तग धरायचा. पानात हे काम चार मँगनीज आणि एक कॅल्शियम करतात. माणसाने घडवलेला रेणूही ते करू शकतो, हे रसायनशास्त्रज्ञ थॉमस मेयर यांच्या गटाने 1982 मध्ये दाखवलं: ऑक्सिजनच्या पुलाने जोडलेले रुथेनियम धातूचे दोन अणू, 'ब्लू डायमर'. 2012 मध्ये लिचेंग सुन यांच्या गटाचा रुथेनियम रेणू सेकंदाला 300 च्या वर फेऱ्यांपर्यंत (एका फेरीत ऑक्सिजनचा एक रेणू), म्हणजे पानाच्या पंक्तीत पोचला. पण तो वेग इलेक्ट्रॉन ओढून घेणारं सेरियमचं तयार रसायन घालून मिळाला होता, प्रकाशाने नाही.

प्रकाशाचा प्रयोग असा: बंद काचपात्रात प्रकाश शोषणारं नारिंगी रुथेनियम संयुग, इलेक्ट्रॉन उचलायला पर्सल्फेट आणि किंचित उत्प्रेरक. निळा एलईडी लावला की ऑक्सिजन मोजणाऱ्या प्रोबची रेषा चढू लागते. तो चढ बघताना आजही माझा जीव वरखाली होतो. मग रेषा वाकते, आडवी होते. पाण्यातून इलेक्ट्रॉन ओढण्याइतका जहाल झालेला रेणू स्वतःच्या सेंद्रिय लिगँडचेही, म्हणजे धातूला धरून ठेवणाऱ्या कार्बनी भागाचेही, लचके तोडतो. पानालाही हे चुकलेलं नाही. कडक उन्हात तिथलं, हेच काम करणाऱ्या यंत्रणेतलं डी-1 नावाचं प्रथिन साधारण अर्ध्या तासात बदलावं लागतं. आमच्या काचपात्रात दुरुस्तीची सोय नाही. म्हणून वेगाच्या आकड्यापेक्षा मला टिकाऊपणाचं मोल जास्त वाटतं, आणि 2008 पासून पुढे आलेले, कार्बनच नसलेल्या टंगस्टन-ऑक्साइड लिगँडचे रुथेनियम रेणू आशादायक वाटतात.

रेषा चढली म्हणून लगेच हुरळूनही जाता येत नाही. लिगँड गळून धातूच्या ऑक्साइडचे बारीक कण झाले, तरी ऑक्सिजन येतच राहतो, आणि श्रेय मात्र रेणूला जातं. इरिडियम आणि कोबाल्टच्या बाबतीत यावरून बरेच वाद झाले आहेत. म्हणून प्रयोग संपला की द्रावणात असे कण झालेत का, हे आधी तपासायचं. आकडा त्यानंतर लिहायचा.