सशाची साक्ष माणसाला कशी लागू?

‘ससा गवत खाणारा प्राणी. त्याला कोलेस्टेरॉल चारलं, त्याच्या धमन्या बिघडल्या, त्याचं आम्हाला काय?’ मी पॅथॉलॉजी शिकवते हे कळलं की लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी हे विचारतंच. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

हे घडलं सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यकीय अकादमीत. 1908 मध्ये तिथले संशोधक इग्नातोव्स्की यांनी सशांना मांस, अंडी, दूध चारलं, आणि सशांच्या महाधमनीत जाडसर चट्टे दिसले. दोष प्राणिज प्रथिनांचा, असं त्यांना वाटलं. मग स्टकी यांनी घास वेगवेगळे केले: काही सशांना मांसाचा रस, काहींना अंड्यातलं पांढरं, काहींना बलक. चट्टे उठले ते बलक खाणाऱ्यांतच. प्रथिनं तर पांढऱ्यातही भरपूर, म्हणजे तो तर्क तिथेच संपला.

1913 मध्ये अनिच्कोव आणि खलातोव यांनी बलकातलं शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून सशांना दिलं. बाकीच्या सशांना दिलं नुसतं तेल. तेलवाल्यांच्या धमन्या स्वच्छ राहिल्या. वर्गात मी सगळ्यात जास्त वेळ याच सशांवर घालवते. ते नसते तर दोष तेलाचा की कोलेस्टेरॉलचा, हे कधी कळलंच नसतं. त्याआधी, 1910 मध्ये, जर्मनीत रसायनशास्त्रज्ञ विंडाउस यांनी माणसाच्या रोगट महाधमनीत कोलेस्टेरॉल निरोगी धमनीपेक्षा कितीतरी पट जास्त असल्याचं मोजून दाखवलं होतं. म्हणजे माणूस या गोष्टीत पहिल्यापासून होताच.

तरी तुमची शंका रास्त आहे. तेव्हाच्या संशोधकांनीही तीच काढली. कुत्र्यांना आणि उंदरांना कोलेस्टेरॉल चारलं, तर काहीच झालं नाही. अनेकांनी तिथेच विषय मिटवला, आणि याची मला आजही हळहळ वाटते. कारण हे प्राणी जादा कोलेस्टेरॉलचं पित्ताम्ल, म्हणजे पित्तातलं आम्ल, करून टाकतात, त्यांच्या रक्तात ते फारसं वाढतच नाही. सशाला ते जमत नाही, त्याच्या रक्तात ते साचत जातं. तेव्हा सशाने साक्ष दिली ती रक्ताबद्दल: रक्तात कोलेस्टेरॉल चढलं की धमन्या बिघडतात. ताटाबद्दल नाही. अंडं खावं की नाही, हे सशाला विचारू नका.

1946 मध्ये अमेरिकेत स्टायनर आणि केंडल यांनी कुत्र्यांना कोलेस्टेरॉलसोबत थायरॉइड मंदावणारं औषध दिलं. या वेळी रक्तातलं कोलेस्टेरॉल चढलं, आणि कुत्र्यांच्या धमन्यांतही तेच चट्टे आले.